बॉनी-क्लाइडच्या फोर्डचा खरा रंग कोणता?

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाणारे बहुतेक लोक प्रिमला थांबतात ते पेट्रोल भरायला आणि पाय मोकळे करायला. मी थांबलो ते एका गाडीसाठी: बॉनी आणि क्लाइड या १९३० च्या दशकातल्या कुप्रसिद्ध अमेरिकन गुन्हेगार जोडीच्या फोर्डसाठी. पुण्यात माझं अख्खं आयुष्य गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलं, त्यामुळे भाच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच त्याला सांगून ठेवलं होतं की बाकी काही दाखव किंवा दाखवू नकोस, पण ही गाडी मला बघायचीच आहे.

बार्स्टो मागे पडलं, बेकरचा तो अवाढव्य थर्मामीटर गेला, मग मोजावे वाळवंटातला लांबलचक चढ आणि उतार. कॅलिफोर्नियाची हद्द संपून नेवाडा सुरू होतं तिथेच प्रिम. करोनाच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा गाडी व्हिस्की पीट्स या कॅसिनोत ठेवलेली होती आणि बघायला तिकीट नव्हतं.

जुगाराच्या मशीनच्या किणकिणाटातून वाट काढत गेलो आणि काचेपलीकडे ती दिसली. १९३४ ची फोर्ड व्ही-८ डीलक्स, चार दारांची. २३ मे १९३४ रोजी सकाळी लुइझियानात गिब्सलंडजवळच्या रस्त्यावर फ्रँक हेमर हा पोलिस अधिकारी आणि त्याच्या पाच साथीदारांनी या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडला. क्लाइड बॅरो २५ वर्षांचा होता, बॉनी पार्कर २३ ची. दोघं जागीच गेले. त्यांच्या टोळीने त्याआधी नऊ पोलिसांचे जीव घेतले होते, हे त्या काचेसमोर सेल्फी काढणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

"मामा, ही तर बेज आहे," भाचा म्हणाला. "तू तर ग्रे म्हणत होतास."

इथेच खरी गंमत आहे. जाणकार या गाडीच्या रंगाला फोर्डच्या शेडचं नाव देतात, कॉर्डोबा ग्रे. काही ठिकाणी मात्र 'डेझर्ट सँड' असं लिहिलेलं सापडतं. त्या दिवसाचे फोटो आणि फिल्म सगळं कृष्णधवल. त्यावरून गाडी काळी नव्हती एवढं नक्की कळतं, पण राखाडी की वाळूचा, ते कळत नाही. त्यात कॅसिनोतले दिवे पिवळट. त्या उजेडात कुठलाही ग्रे मातकट दिसणार. आमच्याकडे शेड जुळवताना गिऱ्हाइकाला दुकानातून बाहेर उन्हात न्यायचं ते याचसाठी.

मी बराच वेळ काचेला नाक लावून उभा होतो. दारावरच्या एका भोकाची कड नीट बघितली. गोळी आत शिरताना पत्रा आत वळला होता, आणि कडेने रंग उडून गंजाची तपकिरी रेघ आली होती. त्या रेघेच्या पलीकडे, जिथे रंग अजून धरून होता, तिथे मला जो दिसला तो निव्वळ राखाडी नव्हता. बाजरीच्या भाकरीचा रंग डोळ्यापुढे आणा. ग्रेच, पण उबदार, आत पिवळा आणि तपकिरी थोडा मुरलेला. असा शेड एकाने ग्रे म्हटला आणि दुसऱ्याने वाळूचा म्हटला तर दोघांनी एकच गाडी बघितलेली असू शकते. माझं मत कॉर्डोबा ग्रेकडे झुकतं.

दुसरं कारण तारखांचं. गाडी टोपेका, कॅन्सस इथल्या एका कुटुंबाने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नवी घेतली होती. २९ एप्रिलला ती दारातून चोरीला गेली. म्हणजे गोळ्या बसल्या तेव्हा रंग जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पळण्याच्या गडबडीत नंबरप्लेट बदलणं सोपं, अख्खी गाडी रंगवून वाळवणं अवघड. जो होता तो कारखान्यातूनच आलेला असणार. कोर्टात भांडून गाडी मूळ मालकिणीला परत मिळाली, मग ती वर्षानुवर्षं जत्रांमधून फिरली, हातोहात विकली गेली आणि १९८८ मध्ये अडीच लाख डॉलरला प्रिमला आली. उन्हाने, धुळीने, हजारो हातांनी वरचा थर थकलाय. त्यावरून मूळ शेड ठरवणं चूक.

गंमत म्हणजे हिच्या नावावर खपवलेल्या नकली गाड्याही बऱ्याच फिरल्या. रंगाची तपासणी तिथेही कामाची, कारण नवी भोकं पाडता येतात, जुन्या रंगाचे थर तसे बनवणं सोपं नाही.

मला हात लावायला मिळाला असता तर मी दारावर वेळच घालवला नसता. रबरी बीडिंगखाली, डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यावर, दाराच्या मुठीच्या पट्टीखाली, बिजागऱ्यांच्या फटीत बघितलं असतं. जिथे ऊन पोचत नाही तिथे कारखान्यातला रंग टिकून असतो. बारीक पॉलिश पेपरने नखाएवढी जागा घासली की थर एकामागून एक उघडे होतात: वरचा रंग, प्रायमर, मग उघडा पत्रा. मध्ये दुसरा कुठला रंग निघाला तर गाडी पुन्हा रंगवलेली. आणि तांदळाच्या कणाएवढा तुकडा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर वादाला जागाच उरत नाही. पत्र्याला इजा जवळपास शून्य.

भाच्याने विचारलं, एवढं कशासाठी? मी त्याला डॅशबोर्ड दाखवला, आणि सुरुवात कुठून केली असती ते बोट ठेवून सांगितलं: स्टिअरिंगच्या दांडीच्या डावीकडे, खालच्या कडेच्या आत.