न्यूट्रल सापडत नाही

दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल झाला, की माझ्या डाव्या पायाची परीक्षा सुरू व्हायची. पहिल्यातून हलकेच वर उचलावं तर गाडी थेट दुसऱ्यात. दुसऱ्यातून हलकेच दाबावं तर पुन्हा पहिल्यात. मधलं न्यूट्रल गायब, मीटरमधला त्याचा हिरवा दिवा काही लागत नाही. क्लच मुठीत आवळून धरलेला, तरी गाडी पुढच्या रिक्षाकडं इंचाइंचानं सरकतेय आणि मी ब्रेकवर उभी. शेजारी स्कूटरवर एक आजोबा होते. न राहवून म्हणाले, "पोरी, बंद कर की गाडी." बंद केली. न्यूट्रल पहिल्या फटक्यात पडलं.

बाबांच्या स्प्लेंडरवर हे दुःख नव्हतं. चारही गिअर पंजानं खाली दाबायचे आणि टाचेनं मागं येत येत शेवटी न्यूट्रल. टोकालाच बसलेलं, चुकणार कुठं? माझ्या गाडीत पहिला खाली, बाकीचे चार वर आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या बोळात. गिअरबॉक्स गेला, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला आणि शनिवारी उद्यमनगरात मिस्त्रींच्या दारात गाडी लावली.

"मामा, आलो. गिअर पडंना."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'आलो-गेलो'च म्हणतो. बाहेरगावी लोक हसतात. मिस्त्री हसत नाहीत. त्यांच्या घरीही तेच चालतं.)

मिस्त्रींनी गिअरला हातपाय काहीच लावलं नाही. करंगळीनं क्लचचा लिव्हर हलवला. तो निम्म्यापर्यंत नुसताच आला, सैल. "गार असताना पडतोय, तापल्यावर अडतोय?" होय. "इंजान बंद केलं की पडतोय?" होय, आजोबांची कृपा. त्यांनी गाडी बंदच ठेवून मागंपुढं झुलवत एकेक गिअर टाकला. पाचही पडले. "गिअरबॉक्स ठणठणीत हाय ताई. क्लच सुटंना तुमचा. गिअरचं नाव उगं खराब."

हे मला नेहमी गमतीचं वाटतं. दुखतं पायाला, म्हणून तक्रार गिअरची. रोग मात्र हातातल्या क्लचच्या वायरीत. आतले गिअर एकमेकांत कायमच गुंतलेले असतात. पाय हलवतो तेव्हा त्यांच्या कडेचे ठोकळ्यासारखे दात शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात, एवढंच. क्लच पुरता सुटला नाही, तर इंजिन त्यांना फिरवत राहतं, ताण सुटत नाही, आणि दात खाचेत जाताना 'खट्ट' करतात किंवा बाहेर निघायलाच तयार होत नाहीत. गाडी उभी असली की कधी दात दातावर येऊन बसतो. तेव्हा पायानं लाथा घालायच्या नाहीत. क्लच जरा सोडून पुन्हा दाबायचा, नाहीतर गाडी वीतभर ढकलायची. मी अर्थातच लाथा घालत होते.

गेल्या वर्षी याच गाडीला नेमका उलटा आजार झाला होता. आईला मागं बसवून जोतिबाला निघाले होते. घाटात इंजिन कोकलतंय आणि गाडी मात्र चालत जाणाऱ्या माणसांच्या बरोबरीनं. आई मागून म्हणाली, "मी उतरू का गं?" तो क्लच धरतच नव्हता. कारण घरातच निघालं: भावानं चारचाकीचं उरलेलं ऑइल 'वाया कशाला घालवायचं' म्हणून माझ्या गाडीत ओतलेलं. चारचाकीच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. इंजिनाला ती चालतात. पण मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि घर्षणावरच जगतो. म्हणून आपल्या डब्यावर 'जासो एमए', म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलाची खूण, वाचून घ्यायचं. 'एमबी' असेल तर तो आपला नव्हे.

तेव्हा मिस्त्रींनी क्लच उघडून दाखवला होता. एक अस्तराची प्लेट, एक पोलादी, पुन्हा अस्तराची, अशी चळत. वरून स्प्रिंगांनी दाबलेली. जुन्या काळ्या पडलेल्या, जळका वास. नव्या प्लेटा बसवण्याआधी ताटलीभर ऑइलात भिजत घातलेल्या, लोणच्याच्या फोडींसारख्या. ज्या हाउसिंगमध्ये त्या बसतात त्याच्या बोटांवरून त्यांनी माझं नख फिरवलं. "खाचा पडल्या की प्लेट त्यात अडकती, सरकत न्हाई." आमच्या गाडीला अजून पडल्या नव्हत्या. आईला मात्र तेव्हापासून जोतिबाला एसटीच बरी वाटते.

यंदा एवढी चिरफाड लागली नाही. लिव्हरपाशी वायरीचे तीन पदर तुटून केरसुणीसारखे पिंजारले होते. नवी वायर घातली, तिच्यात ऑइल सोडलं आणि नट फिरवत ढील बसवली. पुस्तकात लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलीमीटर लिहिलेलं असतं. मिस्त्री आपलं बोट घालून बघतात. फार सैल ठेवली तर क्लच सुटत नाही, अजिबात ढील नसली तर धरत नाही.

"चालवताना बोटं कुठं असत्यात तुमची?" त्यांनी सहज विचारलं.

"हँडलला," मी म्हणाले.

त्यांनी काही न बोलता माझ्या लिव्हरकडं बघितलं. दोन बोटांच्या जागी त्याचा काळा रंग उडून पांढरं अ‍ॅल्युमिनियम चकाकत होतं.

"अर्धा क्लच दाबून चालवायचं म्हंजे प्लेटा घासणार, तापणार, वाकड्या हुणार. आज वायरीवर भागलं," एवढंच म्हणाले. "जावा, चक्कर मारून या."

गाडी काढली. पहिला अलगद पडला, खट्ट नाही, काही नाही. दुसरा टाकला. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत लेथच्या घरघरीवरून मागून आरोळी आली:

"ताई, बोटं!"