कासचे डबके आणि सज्जनगडचा कडा

यवतेश्वरचा घाट चढून कासला पोहोचेपर्यंत पावसाने उघडीप दिली होती. 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या या पठारावर बहुतेक लोक तेरडा आणि सीतेची आसवे पाहायला येतात. मी वायतुऱ्यासाठी आलो होतो.

जांभ्या खडकाच्या खोलगट भागांत साचलेल्या पाण्यात ही कंदवर्गीय वनस्पती उगवते आणि तिचा दुभागलेला तुरा पाण्याबाहेर डोकावतो. 1982 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि तिच्या नावात सातारा आला. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येत असल्यामुळे, एखाद्या डबक्यात कितीही तुरे दिसले तरी त्यांत मादी झाडे मोजकीच असतील, तर पुढची सगळी पिढी त्या मोजक्या झाडांची लेकरे ठरते आणि नात्यातल्या नात्यात बीज धरत राहते. दुसऱ्या डबक्यातले पराग कीटकांनी आणले तर नवी जनुके येतात. म्हणून गाड्या लावण्यासाठी एखादे लहानसे डबके बुजवले, तर शेजारच्या डबक्यांमधला दुवाही तुटतो, हे मला फार गंभीर वाटते.

दुसऱ्या दिवशी परळीहून सज्जनगड चढलो. समर्थांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि दुर्बीण कड्यावर रोखली. कपारीत शिंदळ माकुडी फुलली होती: मांसल खोड आणि तपकिरी-लाल, पिवळ्या ठिपक्यांचे चांदणीसारखे फूल. जगात ही वनस्पती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्याच डोंगरांवर आढळते. एकेकाळी साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी, असलेल्या आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रिअरच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिचे नामकरण केले.

तिची फांदी मातीत खोचली की सहज मूळ धरते. त्यामुळे कुंड्यांमधून ती पुष्कळ वाढवता येते. परंतु एकाच झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तरी जनुकांच्या हिशेबाने ते झाड एकच राहते, आणि एखादा रोग त्याला मारक ठरला तर शंभरही कुंड्या एकदम जाऊ शकतात. कड्यावर मात्र माश्या परागीभवन करतात, शेंगा तडकतात, केसाळ बिया वाऱ्यावर जातात आणि प्रत्येक बी जनुकांची निराळी जुळणी घेऊन रुजते. रोपवाटिकांनी निरनिराळ्या कड्यांवरच्या झाडांचे बी थोडे थोडे जमवावे, प्रत्येक कुंडीवर मूळ डोंगराची नोंद ठेवावी आणि पुनर्रोपण करताना ती नोंद आधी पाहावी, असे मला कळकळीने वाटते.