रोमन ब्राँझचा लॉट: आता खालची अक्षरं वाचता यायला लागलीत

चौथ्या शतकातल्या छोट्या रोमन ब्राँझ नाण्यांचा जो लॉट घेऊन बसलोय त्याचं काम बरंच पुढे सरकलंय, म्हणून अपडेट. बहुतेक सगळी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातली, नखाएवढी, आणि बरीचशी झिजलेली.

एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झालीय. चेहऱ्यावरून सम्राट ओळखायच्या नादाला लागायचं नाही. बाप काय आणि मुलं काय, टांकसाळीतल्या कारागिरांनी सगळ्यांना जवळपास एकच चेहरा दिलाय, त्यामुळे नाणं हातात आलं की मी ते आधी उलटं करतो आणि मागच्या बाजूला आडव्या रेषेच्या खाली जी अक्षरं असतात तिथून सुरुवात करतो. टांकसाळ तिथेच लिहिलेली असते.

या आठवड्यातलं सगळ्यात छान नाणं ग्लोरिया एक्झर्सिटसचं (अर्थ 'सैन्याचं वैभव'), म्हणजे दोन सैनिक समोरासमोर उभे आणि मधे ध्वज. ध्वज किती हे नीट मोजायचं, कारण ३३० पासून दोन ध्वज असायचे आणि ३३५ च्या सुमारास एकच राहिला, नाणंही हलकं झालं, अडीच ग्रॅमच्या आसपास होतं ते दीडेक ग्रॅमवर आलं. माझ्या नाण्यावर ध्वज एक, काट्यावर वजन दीड ग्रॅम, म्हणजे जुळलं. पुढच्या बाजूला नाव अर्धं गेलंय, शेवटचं 'टियस' आणि त्यापुढे 'नोब सी' एवढंच वाचता येतं, पण तेवढं पुरे आहे! नोब सी म्हणजे नोबिलिसिमस सीझर, म्हणजे धाकटा सहसम्राट, अजून ऑगस्टस म्हणजे पूर्ण सम्राट झालेला नाही. कॉन्स्टंटाइनची मुलं ऑगस्टस झाली सप्टेंबर ३३७ मध्ये, आणि एक ध्वज सुरू झाला ३३५ ला, म्हणजे झिजलेलं नाणं असूनही ते आपण जेमतेम दोन वर्षांच्या पट्ट्यात बसवू शकतो. 'टियस' मुळे हा त्यांच्यातला कॉन्स्टँटियस दुसरा. कॉन्स्टंटाइनचा पुतण्या डेल्मॅटियसही त्याच वर्षांत सीझर होता आणि त्याच्या नावाचा शेवटही असाच, म्हणून 'टियस'च्या आधीचं अक्षर भिंगाखाली बघितलं, एन स्पष्ट आहे, डेल्मॅटियसच्या नावात तिथे ए येतो, म्हणजे डेल्मॅटियस बाद.

खाली एस एम ए आणि मग अर्धं पुसलेलं अक्षर. एल असेल तर अलेक्झांड्रिया, एन असेल तर अँटिओक. दिवा नाण्याच्या अगदी बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरला (वरून उजेड टाकला की झिजलेलं काहीच दिसत नाही, हे नवीन लोकांना कितीदा सांगितलं तरी कमीच) आणि नाणं हळूहळू फिरवत राहिलो, तर एका कोनात तिरक्या रेघेची सावली पडली. एल ला तिरकी रेघ नसते, मग अँटिओक. शेवटचं विभागाचं (टांकसाळीतल्या कुठल्या कार्यशाळेत पाडलं ते सांगणारं) अक्षर मात्र गेलेलंच आहे, पाकिटावर तिथे प्रश्नचिन्ह टाकलंय आणि ते तसंच राहणार.

दुसरा किचकट प्रकार म्हणजे खाली 'कॉन्स' लिहिलेली नाणी. कॉन्स म्हणजे कॉन्स्टँटिनोपल हे खरं, पण पुढे टी असला तर ते आर्ल (आजच्या फ्रान्समधलं), कारण आर्लला त्या काळात कॉन्स्टँटिना म्हणायला लागले होते. त्यात कॉन्स्टँटिनोपलच्या विभागांची अक्षरं ग्रीक आणि शेवटी, त्यामुळे झिजलेला गॅमा हुबेहूब टी सारखा दिसतो. अशा वेळी शेवटाकडे बघत बसण्यापेक्षा सुरुवातीला बघा, आर्लच्या विभागाचं अक्षर आधी येतं, पी किंवा एस, आणि ते दिसलं की प्रश्न मिटला.

साफसफाईत नवीन काही नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं, पाणी बदलत राहणं, लाकडी काडी. ब्रश किंवा ॲसिड अजिबात नाही, पॅटिना, म्हणजे धातूवर काळानुसार चढलेला थर, गेली की परत येत नाही आणि पुष्कळदा बारीक अक्षरं त्या पॅटिनातच असतात. एका नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसतेय, खरवडली तरी परत येते, म्हणजे ब्राँझ डिसीजच (ब्राँझ आतून कुरतडणारा गंज), ते लगेच वेगळ्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवलंय कारण दमट हवेत हा प्रकार थांबत नाही.

आता वळतोय उर्ब्स रोमा ('रोम नगरी') नाण्यांकडे, शिरस्त्राण घातलेली रोमा आणि मागे लांडगीण दोन बाळांना पाजतेय, वर दोन तारे. यावर सम्राटाचं नावच नसतं, त्यामुळे काळ ठरवायला वजन, खालची अक्षरं आणि ताऱ्यांच्या मधल्या किंवा वरच्या खुणा एवढंच हाताशी. ट्रिअर टांकसाळीची दोन आधीच वेगळी काढलीत, त्यांच्या खुणांचे फोटो बाजूच्या उजेडात काढून झाले की पुढचं लिहीन.