बंदूक काढली, मतपत्रिका दिली

टोमाश सार्नेत्स्की हा वॉर्सातला कलेचा विद्यार्थी. १९८९च्या पोलंडमधल्या निवडणुकीसाठी त्याने केलेलं पोस्टर बघून मला आजही हेवा वाटतो. 'हाय नून' या १९५२च्या सिनेमातला मार्शल (गावचा पोलीसप्रमुख), म्हणजे नट गॅरी कूपर, सरळ आपल्या अंगावर चालत येतोय. पिस्तुलाच्या जागी हातात कागद, त्यावर लिहिलंय 'निवडणूक'. छातीवर मार्शलचा तारा आणि त्याच्या वर 'सॉलिडॅरिटी' या कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेचा छोटा बिल्ला. मागे संघटनेचं नाव लालभडक अक्षरांत, खाली 'भर दुपारी बारा, ४ जून १९८९'. उमेदवार नाही, आश्वासन नाही. काळा फोटो, लाल अक्षरं, विषय संपला!

मी फ्लेक्स छापतो. आमच्याकडे फाइल येते तीच साहेब मध्ये, दादा उजवीकडे आणि खाली पंचवीस डोकी घेऊन. कुणाचं डोकं कुणापेक्षा बारीक झालं यावरून रात्री बाराला फोन येतात. एका कार्यकर्त्याला हे पोस्टर दाखवलं, तर म्हणाला, "भारीच, पण आमचे भाऊ कुठं बसवणार?"

त्याला हसू नका. पोलंडमध्येही मतं गोळा करायचं रोजचं काम दुसऱ्याच पोस्टरांनी केलं. सॉलिडॅरिटीचे नेते लेक वालेसा स्वतः उभेच नव्हते, पण सॉलिडॅरिटीच्या उमेदवारांनी एकेक करून त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले आणि तेच फोटो गावोगाव लागले. कारणही होतं. तिथे मतपत्रिकेवर नको असलेली नावं खोडायची पद्धत होती. उमेदवार बहुतेक नवखे. मग कुणाचं नाव ठेवायचं हे मतदाराला कळणार कसं? साहेबांबरोबर फोटो आहे, म्हणजे आपला माणूस. ही युक्ती आपल्याकडे कुणाला शिकवायला नको.

सेइमच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४६० जागांपैकी फक्त १६१ खुल्या होत्या, बाकी कम्युनिस्ट आणि त्यांच्या मित्रपक्षांसाठी राखीव. त्या १६१च्या १६१ सॉलिडॅरिटीने घेतल्या, शिवाय वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, १०० पैकी ९९. उरलेली एक जागा एका अपक्ष व्यावसायिकाने नेली. त्याचं पोस्टर कुणाकडे असेल तर मला जरूर पाठवा.