ब्लॉक उतरला ती रात्र

सांगलीत माझं ऑपरेशन झालं, कॅन्सरमुळं एक स्तन काढला आणि त्याच वेळी पाठीचा स्नायू पुढं फिरवून नवीन बनवला, आणि शुद्धीवर आले तर फारसं दुखतच नाही! भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत मणक्याशेजारी इंजेक्शन देऊन नसा बधिर केलेल्या, नर्व्ह ब्लॉक म्हणे. मी आपली खुशीत चहा-बिस्किट खात बसलेली. पण त्याचा असर साधारण 12 ते 24 तास, पहाटे तीनला उतरला आणि काय कळ आली म्हणून सांगू! दुखण्याची गोळी ब्लॉक उतरायच्या आधीच घ्यायची असते, हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी नळीतून जमा व्हायची, बाटली गाऊनच्या खिशात, आई रोज किती एमएल ते वहीत लिहायची, दुधाच्या हिशोबाखालीच. वेणी मात्र महिनाभर तिनंच घातली, माझा हात वर जाईना.