पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

मी एका पतसंस्थेत कर्जविभागात काम करते. लोकांकडून कागद मागायचे, अपुरे असले तर परत पाठवायचं, हे माझं रोजचं काम. माझ्या लेकीसाठी, जुईसाठी, मलाच कागद गोळा करावे लागले, तेव्हा टेबलाची दुसरी बाजू नीट दिसली. जुई बारा वर्षांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि वडगावात घराजवळच्याच मराठी शाळेत ती पाचवीत जाते. दरवर्षी शाळा उघडायच्या सुमारास ओळखीतल्या कुणीतरी आईचा फोन येतो, "ताई, शाळा नाही म्हणतेय." माझा प्रश्न ठरलेला: लेखी नाही म्हणाले की तोंडी?

तोंडीच असतं. "आमच्याकडे तशी सोय नाही हो, तिला स्पेशल स्कूलमध्येच बरं वाटेल," हे वाक्य खुर्ची पुढे करून, पाणी विचारून, अगदी मायेनं सांगितलं जातं. कागदावर कुणी लिहून देत नाही, कारण लिहिलं की अडकलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घराजवळची शाळा हवी की विशेष शाळा, ही निवड मुलाची, म्हणजे व्यवहारात आपली. मुख्याध्यापकांची नव्हे. म्हणून प्रवेशाचा अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. शिक्का मागितला की क्लार्क जरा थबकतो, उठून आत जाऊन येतो, आणि बरेचदा आतून आलेलं उत्तर पहिल्यापेक्षा मऊ असतं. पोच देतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

विशेष शाळांवर माझा राग नाही, हेही सांगते. गोखलेनगरच्या कामायनीसारख्या जुन्या, नावाजलेल्या संस्था पुण्यात आहेत आणि काही मुलं तिथंच फुलतात. माझा आक्षेप एवढाच की ती निवड दुसऱ्यानं गोड बोलून आपल्या गळ्यात मारू नये.

आता दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. आमच्या सासूबाईंचा त्याला विरोध होता, "पोरीच्या कपाळावर कशाला टक्के लिहून घेताय?" त्यांची समजूत घालायला वेळ लागला, पण या एका कागदाशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. त्याचा आणि यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. सकाळी लवकर निघा, मुलाचा डबा आणि आवडतं खेळणं बरोबर घ्या. अर्ज भरायच्या आधी एक काम: आधारवरचं आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग जुळतंय का पाहा. एका अक्षराच्या फरकासाठी लोकांना परत पाठवणारी बाई मी स्वतः आहे, त्यामुळे विश्वास ठेवा. आणि लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची मुदत मोबाइलमध्ये तीन महिने आधीच्या गजरासकट टाका.

प्रमाणपत्र हातात आलं की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, पंचवीस टक्के जागांचा विचार करा. महाराष्ट्रात दिव्यांग मुलं वंचित गटात धरतात, त्यामुळे त्यांना उत्पन्नाची अट नाही. तरी पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांगा लावतात. नका लावू.

पैशांचं थोडक्यात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. त्यात ओपीडी आणि थेरपीही धरतात आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. ते दरवर्षी ३१ मार्चला संपतं. प्राप्तिकरात जुनी करप्रणाली घेतलीत तर ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग मुलाला आणि बरोबरच्या माणसाला स्लीपरला ७५ टक्के सवलत, मिरजेला माहेरी जाताना आम्ही ती दरवेळी वापरतो.

प्रवेश झाला की काम संपलं असं लोकांना वाटतं. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं, आणि तेही कागदावरच. आयईपी, म्हणजे आपल्या मुलापुरता वर्षाचा आराखडा, बहुतेक ठिकाणी असा लिहिलेला असतो: "गणितात प्रगती करेल. समाजात मिसळेल." कर्जाच्या अर्जावर कुणी "पैसे परत करीन" एवढंच लिहिलं तर मी सही करीन का? आम्ही बाईंबरोबर बसून तो पुन्हा लिहिला. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जुई दहाची दोन नाणी देऊन वीस रुपयांची वही घेईल. मदत: सुरुवातीला बाई नाणी काढून देतील, नंतर फक्त इशारा." असं लिहिलं की दिवाळीत तपासता येतं. बाईंनाही ते आवडलं, कारण काय शिकवायचं ते त्यांना कळलं. त्यांच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, माझी एकटी नाही, हे मीही विसरत नाही.

विशेष शिक्षकांचं गणित कागदावर सुरेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्रानं प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक असं प्रमाण ठरवलं. प्रत्यक्षात एकेका बाईंकडे अनेक शाळा असतात. मग आपण खासगी वाट धरतो, आणि कोथरूडपासून वाकडपर्यंत थेरपी सेंटरच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. फी विचारायच्या आधी विशेष शिक्षकाचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. खरा शिक्षक हा प्रश्न विचारल्यावर रागावत नाही.

शाळा दाद देत नसेल तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, चर्च पथावर. गडचिरोलीच्या पालकांना तिथं यायला रात्रीचा प्रवास करावा लागतो, आपण रिक्षानं जातो. साध्या कागदावर तक्रार लिहा, पोच असलेल्या अर्जाची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत देऊ नका.

ज्यांची मुलं सोळा-सतरांची झाली असतील त्यांच्यासाठी एक. बौद्धिक दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. मुलाच्या नावावर खातं किंवा ठेव असेल तर तो दाखला आमच्यासारखी खिडकीमागची माणसं मागणारच.