आमच्याकडं इंटरव्ह्यू उलटा होतो

माझी आत्तेबहीण अमेरिकेत मेडिकलला आहे, सेकंड इयरला. परवा रात्री व्हिडिओ कॉलवर (तिची सकाळ) म्हणाली, थांब गं जरा नाष्टा उरकते, अर्ध्या तासात इंटरव्ह्यू आहे. मला वाटलं हिचाच कुठंतरी आहे. तर नाही, ही घेणार होती! पुढच्या वर्षी त्यांच्या कॉलेजात येऊ बघणाऱ्या एका पोराचा. मी हिकडं कोल्हापूरला सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न, रात्रभर कॅज्युअल्टीत सुया टोचतेय, ब्लड बँकेपर्यंत पळतेय, आणि फर्स्ट इयरला कोण यावं ह्यात माझं मत कुणी विचारेल ही गोष्ट आयुष्यात कधी डोक्यातसुद्धा आली नव्हती. आमचे ज्युनिअर कोण ते आम्हाला लिस्ट लागल्यावर कळतं, तेही व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते तेव्हा.

मग मी तिला लई पिडलं. तिकडं म्हणे आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा, मग अर्ज, आणि अर्जातून निवडलेल्यांना इंटरव्ह्यू. तो एक प्रोफेसर घेतात आणि बऱ्याच कॉलेजांत एक स्टुडंटपण घेतो. हिच्या कॉलेजात इंटरव्ह्यू घेणाऱ्याला मार्क दाखवतच नाहीत, म्हणजे समोरचा टॉपर आहे का काठावरचा ते हिला माहीतच नसतं. बोलायचं, फॉर्म भरायचा, कमिटीकडं द्यायचा. कमिटीत पण स्टुडंट बसतात, काही ठिकाणी त्यांना मतपण असतं, फक्त मत देणाऱ्यांत बहुमत प्राध्यापकांचंच पाहिजे असा तिकडच्या मान्यता देणाऱ्या संस्थेचा नियम आहे. म्हणजे पोरांच्या हातात सगळा कारभार दिलाय असं काही नाही.

कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीनं तर ह्याच्या पुढची गंमत केली, २००४ साली त्यांचा पेपर आला त्यावर. एका मोठ्या इंटरव्ह्यूऐवजी दहाएक छोटे छोटे. दारावर प्रसंग लिहिलेला असतो, दोन मिनिटं वाचायचं, आत जाऊन आठ मिनिटं बोलायचं, बेल वाजली की पुढची खोली. कुठल्या खोलीत डॉक्टर, कुठल्या खोलीत गावातला साधा माणूस, कुठं स्टुडंट. एकानं चिडून शून्य दिलं तरी बाकीचे नऊ आहेत. आपल्या ओस्कीसारखंच (टेबला-टेबलांवर फिरत द्यायची आमची प्रॅक्टिकल परीक्षा) झालं की हे, फक्त ॲडमिशनच्या आधी.

पण ताईनं सांगितलेला एक किस्सा माझ्या डोक्यातनं जात नाही. एक मुलगा आला, सीव्ही जबरदस्त, दोन वर्षं फ्री क्लिनिकमध्ये व्हॉलंटिअर. हिनं विचारलं, तिथला लक्षात राहिलेला एक पेशंट सांग. नाव नको, फक्त माणूस कसा होता ते सांग. त्याला एकही सांगता येईना. किती तास केले ते सांगितलं, कुठली सिस्टीम बसवली ते सांगितलं, पेशंट नाहीच. हिनं फॉर्मवर तेवढंच लिहिलं. म्हणाली, हा मुलगा माझ्यासोबत ग्रुपमध्ये असता तर पेशंटची सगळी हिस्टरी मीच घेत बसले असते. हे बरोबर आहे हो! सरांना पोरगं वर्षातनं चार वेळा दिसणार, सोबत रात्र काढायची आम्हाला.

आता लगेच कमेंटमध्ये येणार की आपल्याकडंपण सुरू करा. थांबा जरा.

आपल्याकडं इंटरव्ह्यू नव्हतेच असं नाही. वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) काही दिवस चालायचे, आणि नीट म्हणजे सगळ्या देशाची एकच मेडिकल प्रवेश परीक्षा आल्यावर २०१७ ला त्यांनी निषेध म्हणून एमबीबीएसला फक्त एक ॲडमिशन दिली. शेवटी २०२० ला सुप्रीम कोर्टानं नीटच चालणार असं सांगितलं. पुण्यात एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, अजून आहे इंटरव्ह्यू, नीटच्या मार्कांनंतर. आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला तर प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा, तो पण नीटनं गेला. आता सरसकट १८० प्रश्न, ७२० मार्क, चुकलं की एक मायनस.

नीटला मी कमी शिव्या दिलेल्या नाहीत. पण नीटला तुमचं आडनाव माहीत नसतं. मला पॅनलवर बसवा, समोर एक पोरगी आली आणि म्हणाली मी राजारामपुरीची, तर माझी कळी खुलणारच की! मग ती कुणाची कोण, कुठल्या शाळेची, तिची मावशी माझ्या आईच्या भिशीत आहे का, सगळं निघणार. आणि हे गोड प्रकरण झालं, ह्याची वाईट बाजू सगळ्यांना माहीत आहे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ ला सरकारी नोकरीत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, तिथं तरी तोंड बघून जागा द्यायच्या म्हटलं की पोटात गोळा यायला पाहिजे. शिवाय सहा महिन्यांत दसरा चौकापर्यंत बोर्ड लागतील, मेडिकल इंटरव्ह्यू बॅच, मर्यादित जागा. लातूरवाले तर आपल्याआधी सुरू करतील.

आता ह्याच ॲडमिशन राऊंडला आमच्या कॉलेजात घडलेलं सांगते. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला चंदगडकडचे एक काका आलेले, डोक्याला टोपी, हातात रबर लावलेली प्लॅस्टिकची फाईल, डोमिसाईल, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर, प्रत्येकाच्या पाच पाच झेरॉक्स. ॲप्रन बघून मलाच धरलं. "ताई, हितं रॅगिंग-बिगिंग हाय का? जेवान कसलं मिळतंय? बॉण्डचं दहा लाख भरायचंच लागत्यात का?" मी म्हटलं काका, पास झाल्यावर वर्षभर सरकारी नोकरी केली की नाही भरायचे. मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाले, "पोरगं मराठी मीडियमचं हाय, टिकंल न्हवं?" पोरगं मागं उभं, नजर फरशीवर, तोंडातनं एक शब्द नाही.

हे पोरगं इंग्लिश पॅनलसमोर आठ मिनिटं बसवा, गेलंच म्हणून समजा. आणि तेच वॉर्डात सीमाभागातली आजी आली, अर्धं मराठी अर्धं कानडी, कळ नेमकी कुठनं कुठं जाते ते सांगताना, तर तिचं बोलणं त्याला पहिल्या झटक्यात कळणार, आमच्या मुंबईच्या टॉपरला मी भाषांतर करून सांगत असते.

मी काकांना खरं तेच सांगितलं. पहिले सहा महिने ॲनाटॉमी जड जाईल, व्हायव्हाला इंग्लिश अडलं तर मराठीत सुरू कर, बहुतेक सर थांबून ऐकतात. मेस ठीक, रविवारी बाहेर खायचं. पोरानं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं आणि विचारलं, डिसेक्शनच्या बॉडीचा वास किती दिवस येतो? झकास प्रश्न! फॉर्म असता तर मी त्याला तिथंच फुल मार्क दिले असते.

सीनियरला मतबित नको, माझं स्पष्ट मत. पण चॉईस फिलिंग करताना पोरं कटऑफची एक्सेल शीट बघून कॉलेज टाकतात आणि तिथं शिकणाऱ्याला कुणी विचारत नाही, ते मात्र चुकतंय. पुढच्या राऊंडचे फॉर्म सुरू झाले की इन्स्टावर मेसेज टाका, हॉस्टेल, मेस, वॉर्डात किती शिकायला मिळतं, काय पण विचारा. रात्री नऊनंतर टाका, आणि उत्तर नाही आलं तर नाईट असेल असं समजून सकाळी परत टाका. "कटऑफ किती जाईल" हे तेवढं विचारू नका, ते मला माहीत असतं तर मी क्लास काढला असता.